रजा मिळेल तेव्हा मिळेल, आधी संडासाचे बोला



9 ऑक्टोबर 2025 रोजी कर्नाटकच्या मंत्रिमंडळाने एक निर्णय घेतला. नोकरी करणाऱ्या बाईला मासिक पाळीसाठी महिन्याला एक दिवस, म्हणजे वर्षाला बारा दिवस पगारी रजा. नोकरी सरकारी असो की खासगी, कायम असो की कंत्राटी. वय 18 ते 52. डॉक्टरचा दाखला नको. न घेतलेली रजा पुढच्या महिन्यात साठवता यायची नाही. नोव्हेंबरात आदेश निघाला. डिसेंबरात इथल्या हॉटेलमालकांची संघटना हायकोर्टात गेली. सकाळी कोर्टाने आदेशाला स्थगिती दिली आणि त्याच दिवशी सरकारी वकिलांनी धाव घेतल्यावर ती मागेही घेतली. बंगळूरमध्ये ते चार-आठ दिवस चहाच्या टपरीपासून बसस्टॉपपर्यंत हाच विषय होता.

आमच्या युनियन ऑफिसातही होता. आम्ही पाचसहाजण टेबलाभोवती बसलो होतो. एकाने विचारले, "मग आम्हाला पाठदुखीची रजा कधी?" दुसरा म्हणाला, "सणाच्या आदल्या दिवशीच सगळ्यांना त्रास होईल बघा." सगळे हसले. मीही हसलो. कोपऱ्यात वर्गणीच्या पावत्या लावत बसलेली आमची एक सभासद भगिनी उठली, पाण्याची बाटली घेतली आणि बाहेर गेली ती अर्धा तास आत आली नाही. चौतीस-पस्तीस वर्षे लाल झेंड्याखाली काढलेला माणूस मी. पण त्या अर्ध्या तासात मला माझीच लाज वाटली, म्हणून हा लेख लिहायला घेतला.

पहिला प्रश्न सगळ्यांच्या मनात येणार: हे आपल्याला लागू आहे का? रेल्वे आणि टपाल ही केंद्राची खाती. आपल्या रजेचे नियम दिल्लीत बनतात आणि त्यात अशी रजा नाही. कारखाने कायद्याखाली चालणाऱ्या रेल्वे वर्कशॉपचे काय, असा कायद्याचा कीस काढता येईल. 21 नोव्हेंबर 2025 पासून चार श्रम संहिता लागू झाल्याने त्यात आणखी गुंता झाला आहे. तो वकिलांनी सोडवावा. साधी गोष्ट अशी की याच शहरातल्या हॉटेलात काउंटरवर उभी राहणारी मुलगी ही रजा मागू शकते आणि त्या हॉटेलसमोरून जाणाऱ्या रुळांवर घण मारणारी बाई मागू शकत नाही.

तेव्हा रजेची मागणी आपण केलीच पाहिजे. बिहार सरकारने आपल्या महिला कर्मचाऱ्यांना 1992 पासून महिन्याला दोन दिवस अशी रजा दिली आहे. तिशी उलटून गेली, त्यापायी बिहारचे सरकारी कामकाज बंद पडल्याचे कोणी ऐकले नाही. तरी माझे म्हणणे थोडे वेगळे आहे. महिन्यात एक दिवस बाई घरी राहिली, तरी उरलेले दिवस ती कामावरच असणार. त्या दिवसांत ती कुठे जाते, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे? मला माहीत नव्हते. कसे कळले ते सांगतो.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. जागेचे नाव सांगत नाही, उसाच्या पट्ट्यातले एक गँग युनिट होते एवढे पुरे. तिथे चिकोडीकडची एक बाई ट्रॅक मेंटेनर होती. नवरा गँगमन, तो वारला आणि अनुकंपावर हिला त्याच कामावर घेतले. अशा शेकडो भगिनी आज रुळांवर आहेत हे तुम्ही जाणताच. ती ऑफिसात आली आणि म्हणाली, "भाऊ, मला ऑफिसात कुठंतरी घ्या. शिपाई म्हणून चालंल." मी विचारले, काय अडचण? तर म्हणाली, पोटाचा त्रास. मी तिला नेहमीचे उत्तर दिले: ताई, ट्रॅकवर लागलेल्या प्रत्येकाला ऑफिस हवे असते, सगळेच ऑफिसात आले तर रुळांवर कोण जाणार? ती काही बोलली नाही. नमस्कार करून गेली.

पुढे महिन्याभराने माझी पत्नी रेल्वेच्या दवाखान्यात रांगेत बसली असताना हीच बाई शेजारी होती. बाईने बाईला जे सांगितले ते मला घरी रात्री जेवताना कळले. हजेरी सकाळी. ती पहाटेपासून पाणी पीत नाही, चहासुद्धा घेत नाही. गँगमध्ये चौदा पुरुष आणि ही एकटी. पुरुष मंडळी रुळांच्या कडेला पाठ करून उभी राहतात, झाले. हिने कुठे जायचे? ऊस उभा असतो तोवर उसाचा आडोसा. ऊसतोड झाली की उघडा माळ. मग रुळांखालची मोरी. त्या मोरीत बाटल्यांच्या काचा, कधी साप, कधी दारू पीत बसलेले टोळके. तेव्हा उपाय एकच, पाणी प्यायचे नाही. पाळीच्या दिवसांत सकाळी बांधलेली घडी संध्याकाळी घरी जाऊनच बदलायची. उन्हात, घाम, धूळ, खडी, आणि वर आठ तास. डॉक्टरने मूत्रमार्गाचा संसर्ग सांगितला होता, वर्षातला तिसरा. आणि डॉक्टरने सल्ला काय दिला? भरपूर पाणी प्या!

आपल्या रेल्वेत 60 किलोचा रूळ म्हणतात, म्हणजे एका मीटरला 60 किलो. त्याच्याशी झुंजणाऱ्या माणसाने मे महिन्यात आठ तास पाणी प्यायचे नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 2019-21 च्या फेरीत देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रियांत रक्ताची कमतरता आढळली होती. म्हणजे निम्म्याहून अधिक. त्या काय फक्त दुसऱ्यांच्या घरात आहेत? त्या आपल्या गँगमध्ये आहेत, आरएमएसच्या सॉर्टिंग टेबलावर आहेत, बुकिंगच्या खिडकीत आहेत.

आता माझा पराक्रम ऐका. दुसऱ्या महिन्यात पीएनएमची बैठक होती. 1952 पासून चालत आलेली ही वाटाघाटीची व्यवस्था. तिथे अधिकाऱ्यांसमोर मी बदल्या, टीए, क्वार्टर्स, ओव्हरटाइम यांवर टेबल वाजवून बोललेला माणूस. पण हा विषय लिहायला घेतला आणि पेन अडले. बाईच्या संडासाचे, पाळीचे कसे लिहायचे? मिनिट्समध्ये कसे छापून येईल? मी लिहिले, "गँग हटमध्ये स्टाफसाठी सुविधांचा अभाव." अधिकारी म्हणाले, नोंद घेतली. पुढच्या बैठकीत म्हणाले, एस्टिमेट पाठवले आहे. त्यापुढच्या बैठकीत, मंजुरी आली आहे. चौदा महिन्यांनी उत्तर आले: काम पूर्ण, आयटम बंद. मी मुद्दाम बघायला गेलो. छाती एवढी भिंत, वर छप्पर नाही, दार नाही, आत पुरुषांनी उभे राहायचे मूत्रपात्र. स्टाफसाठी सुविधा! मी स्टाफ लिहिले, त्यांनी स्टाफ वाचले, आणि स्टाफ म्हणजे पुरुष हे दोघांनाही न सांगता ठाऊक होते. निम्मा दोष त्यांचा धरा, निम्मा माझा. त्या बाईचे नंतर काय झाले? मेडिकल डिकॅटेगरायझेशनसाठी दोन वर्षे खेटे घालून ती शेवटी ऑफिसात आली. पण तिच्या जागी दुसरी बाई त्याच गँगमध्ये गेली, आणि मोरी तीच.

इंजिनावरच्या भगिनींची कथा याहून वरचढ आहे. आपल्या साताऱ्याच्या सुरेखा यादव 1989 साली सहायक चालक झाल्या. आशियातल्या पहिल्या महिला रेल्वेचालक म्हणून त्यांचे नाव झाले. त्यांनी घाटात गाड्या चालवल्या, डेक्कन क्वीन चालवली, 13 मार्च 2023 ला सोलापूरहून मुंबईला वंदे भारत आणली आणि 30 सप्टेंबर 2025 ला त्या निवृत्त झाल्या. आपल्या सगळ्यांना त्यांचा अभिमान आहे. हार झाले, सत्कार झाले, फोटो झाले. पण त्यांच्या एवढ्या नोकरीच्या काळात इंजिने डिझेलची विजेची झाली, कॅबमध्ये एसी आले, कॅमेरे आले. बहुतेक इंजिनांत माणसाला बसायला संडास काही आला नाही. संडासाचे पहिले इंजिन 2016 मध्ये गाजावाजा करून दाखवले गेले. रेल्वेकडे इंजिने दहा हजारांच्या वर, आणि 2025 पर्यंत कसलीही सोय बसवलेल्या इंजिनांची संख्या शेकड्यांतच होती. त्या सोयीत बाईची सोय कितपत, हे बाईलाच विचारावे.

मालगाडीवरची सहायक लोको पायलट मुलगी आठ-दहा तास, कधी त्याहून जास्त वेळ ड्यूटीवर. गाडी लूपमध्ये उभी राहते ती प्लॅटफॉर्मपासून लांब. अंधारात उभ्या शिडीने खाली उतरायचे, खडीवरून स्टेशनापर्यंत जायचे आणि सिग्नल पिवळा व्हायच्या आत परत यायचे. आधी स्टेशनमास्तरला वॉकी-टॉकीवर सांगायचे, आणि त्या चॅनलवर जितके कान आहेत तितक्यांनी ते ऐकायचे. पोर वीस-बावीस वर्षांची, बापाच्या वयाची माणसे ऐकताहेत. ती कशाला सांगेल? ती पॅड बांधून बसते, पाळी असो वा नसो. 2024 मध्ये महिला लोको पायलटनी रेल्वे बोर्डाला कळवले की एकतर कामाची स्थिती सुधारा, नाहीतर आम्हाला दुसऱ्या विभागात काम द्या. एप्रिल 2025 मध्ये बोर्डाचे उत्तर झोनकडे गेले. जेवणासाठी आणि नैसर्गिक विधीसाठी लोको पायलटला ठराविक विश्रांती नियमाने देणे कामकाजाच्या दृष्टीने शक्य नाही, हा समितीचा निष्कर्ष बोर्डाने मान्य केला होता. गाडीला पाणी भरायला वेळ असतो, तेल तपासायला वेळ असतो. माणसाला नाही. यात पुरुषही भरडले जातात, हेही खरे. म्हणूनच म्हणतो, हा बायकांचा वेगळा प्रश्न म्हणून बाजूला ठेवू नका.

टपाल खात्यातल्या बंधूंनी हसू नये. शहरातल्या मोठ्या पोस्टात ठीक आहे. पण भाड्याच्या जुन्या इमारतीतली सब-पोस्ट ऑफिसे बघा. एकच संडास, तो सगळ्यांचा, दार मोडके, आणि बाई काउंटर सोडून गेली की रांगेतली माणसे ओरडतात. खेड्यात ग्रामीण डाक सेविका सायकलवर नाहीतर पायी टपाल वाटते. तिचे शाखा डाकघर म्हणजे तिनेच सोय करून दिलेली खोली. वाटेवर तिला कोणाच्या तरी घरी विनंती करावी लागते, आणि कोणत्या घरी करायची, कोणत्या घरी नाही, हे तिचे तिलाच ठरवावे लागते. ही गोष्ट मला एका डाक सेविकेनेच सांगितली. तिच्या बॅगेचे वजन सगळे विचारतात, हे कोणी विचारत नाही.

रजेबद्दल जे आक्षेप घेतले जातात त्यांतला एक मात्र गंभीर आहे. जुलै 2024 मध्ये सुप्रीम कोर्टाने या विषयावरच्या याचिकेत आदेश द्यायला नकार दिला. हा धोरणाचा प्रश्न आहे, सरकारने बघावे, आणि अशी रजा सक्तीची केली तर मालक बायकांना कामावरच घेणार नाहीत, अशी भीतीही बोलून दाखवली. खासगी मालकाच्या बाबतीत ती भीती अगदीच खोटी म्हणता येत नाही. पण आपल्याकडे पाहा. रेल्वे भरती बोर्ड परीक्षा घेते, गुणांची यादी लागते, त्या यादीतून बाई आहे म्हणून कोणाला गाळता येत नाही. अनुकंपाचेही नियम आहेत. म्हणजे जिथे ही भीती लागू होत नाही अशी मोठी जागा देशात कोणती असेल, तर ती रेल्वे आणि पोस्ट. सरकारला खरोखर सुरुवात करायची असेल तर ती आपल्यापासून व्हायला हरकत काय?

दुसरा आक्षेप बायकांचाच आहे आणि तो मी आमच्या सभासद भगिनींकडून ऐकला. त्या म्हणतात, रजा घेतली की हजेरीबुकात काय लिहिणार? मुकादमापासून क्लार्कपर्यंत सगळ्यांना माझी तारीख कळणार, आणि पुढच्या महिन्यात मी जरा चिडून बोलले की हे बोट मोजणार. याला माझ्याकडे चांगले उत्तर नाही. नाव न लिहिता नुसती विशेष रजा म्हणून मांडावी, असे काहींचे म्हणणे आहे. पण आमच्या टेबलावरचे ते हसू थांबत नाही तोवर रजा कागदावर मिळाली तरी ती घ्यायला धीर लागणार, हे मला दिसते आहे.

आणि हसणाऱ्यांना एवढेच आठवून देतो की बाळंतपणाची पगारी रजाही एके काळी थट्टेचाच विषय होती. 1928 साली मुंबई विधिमंडळात गिरणीतल्या बायकांसाठी प्रसूती लाभाचे विधेयक आले तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला ठाम पाठिंबा दिला, आणि 1929 मध्ये मुंबई इलाख्यात तो कायदा झाला. आपल्याकडे सहाव्या वेतन आयोगानंतर, सप्टेंबर 2008 पासून ती रजा 135 दिवसांवरून 180 दिवसांवर गेली आणि मुलांच्या संगोपनाची 730 दिवसांची रजा आली. ग्रामीण डाक सेविकांना 180 दिवस मिळाले ते 2018 मध्ये, मे-जूनचा तो मोठा संप झाल्यावर. यातले काहीही कोणी आपण होऊन दिलेले नाही.

आपण युनियनवाले मागे राहिलो तर बाया आपल्यासाठी थांबतील असेही समजू नका. केंद्राने प्रॉव्हिडंट फंडाचे पैसे काढण्यावर बंधन आणले तेव्हा एप्रिल 2016 मध्ये बंगळूरच्या कपड्यांच्या कारखान्यांतल्या हजारो बाया रस्त्यावर आल्या. आधी कोणत्याही फेडरेशनने हाक दिली नव्हती. आम्ही मोठे पुढारी पत्रक छापायचे की नाही यावर विचार करत होतो, तोवर होसूर रोड बंद पडला होता आणि दोन दिवसांत दिल्लीने तो नियम मागे घेतला. त्या बायांपैकी कित्येकींचे नवरे रेल्वेत खलाशी, पोर्टर. आमच्याच कॉलनीतल्या.

डिसेंबर 2024 च्या मान्यतेच्या निवडणुकीत मी गँगपासून लॉबीपर्यंत भगिनींपुढे हात जोडून मते मागितली. त्यांनी दिलीही. तेव्हा यंदा आमच्या शाखेने ठरवले की पीएनएमचे या विषयावरचे आयटम आपण लिहायचे नाहीत, त्यांनाच लिहू द्यायचे. अकराजणी एका रविवारी दुपारी ऑफिसात बसल्या. आम्हाला बाहेर काढले. मी जिन्यात बसून राहिलो. आतून हसण्याचे आवाज येत होते, मध्येच एकदम शांतता. दोन तासांनी कागद हातात दिला. मला वाटले होते, वर रजा असेल. रजा सातव्या नंबरला होती. पहिल्या नंबरला काय होते? कडी. जिथे संडास आहे तिथे दाराला आतून लागणारी कडी. दुसरा, झाकणाची बादली. तिसरा, बाईच्या पायाच्या मापाचे सेफ्टी शूज, कारण सहा नंबरच्या खालचा जोड स्टोअरमध्ये येतच नाही आणि त्या दोन मोजे घालून खडीवर चालतात. चौथा, एकट्या बाईला गँगमध्ये न टाकता निदान दोघींना एकत्र द्यावे. पाचवा, रनिंग रूममध्ये बायकांची खोली जिन्याजवळ आणि कडीसह. सहावा, लाइनीवर ब्लॉकचे काम असेल तिथे गाडीवरून फिरता संडास.

यातल्या कडीला मंजुरी लागत नाही. शाखेच्या पैशातून आम्ही वीस कड्या आणल्या आणि आमच्याच सुतार बंधूंनी एका सुट्टीच्या दिवशी बसवल्या. दोन ठिकाणी दारच नव्हते, तिथे अडकले आहे. उरलेल्या सहा मागण्या आहे त्याच भाषेत अजेंड्यावर पाठवल्या. "स्टाफ" हा शब्द कुठेही वापरलेला नाही. बैठकीला येणाऱ्या प्रतिनिधींत दोन भगिनींची नावे दिली तर पर्सोनेल शाखेचा फोन आला, प्रतिनिधींची यादी आधीच ठरलेली आहे, आता बदल कशाला? मी सांगितले, माझे नाव काढा आणि त्या जागी एकीचे घाला. दुसऱ्या नावासाठी आमचे खजिनदार जागा सोडायला तयार आहेत का, ते अजून विचारायचे आहे. ते त्या दिवशी टेबलावर सगळ्यांत मोठ्याने हसले होते.